मंजुळा तुम्हाला विचारायला आली होती

बाई, भांडण अर्धं टाकून जायची तुमची सवय शेवटपर्यंत गेली नाही. मधली सुट्टी संपली की "उरलेलं उद्या" म्हणून तुम्ही वर्गात निघून जायचात, आणि उद्या आलात की नवंच काहीतरी उकरून काढायचात. या वेळी तर उद्यासुद्धा ठेवला नाहीत. तुमच्या दहाव्याहून परत येताना दौंडच्या वडापच्या जीपमध्ये मी मागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो आणि आठवत होतो की आपलं नेमकं कशाकशावरून राहिलंय. खिचडीत मटकी घालायची की हरभरा, हे एक. व्हरांड्याला जाळी लावायची की नाही, हे दुसरं. आणि ठकीचं. ते तर किती वर्षं चालू होतं.

मी हे लिहायला बसलो नसतो. मला लिहिण्याचा कंटाळा, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुम्ही मागे लागल्याशिवाय मी पाठाचं टाचणसुद्धा कधी काढलं नाही. पण आज दुपारी मंजुळा आली. ठकीची आई. दिवाळी तोंडावर आलीय, ती झाली की त्यांचा वाडा कोकणात निघणार. वाडा म्हणजे घोडी, मेंढरं, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन चालत निघालेलं सगळं बिऱ्हाड, हे मला या शाळेवर आल्यावर तुम्हीच समजावून सांगितलं होतं; तोवर मी वाडा म्हटल्यावर दिंडीदरवाजाच बघत होतो. मंजुळेबरोबर धाकटी सोनी होती, यंदा पहिलीत घातलेली. मंजुळेनं दारातूनच विचारलं, "गुर्जी, बाई कवा येनार हायती वस्तीवर?"

मेंढरं घेऊन ती कुरकुंभच्या माळाला होती. तिला कळलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती उंबऱ्यावरच बसली, आणि तिनं पदर पुढं ओढून घेतला. सोनी भिंतीवरची मुळाक्षरं बोटानं गिरवत होती. मी उगाच खिडकी लावली आणि परत उघडली.

मग मंजुळा म्हणाली, "आता म्या कुणाला इचारू?"

तिला काय विचारायचं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. सोनीला इथं शाळेत ठेवू, का बरोबर नेऊ. आपल्या वस्तीवर दर दिवाळीला प्रत्येक घरात हाच एक प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर आजवर तुम्ही देत आलात. निवृत्त झालात तरी लोक दौंडला तुमच्या घरी येऊन विचारायचे. "तुमीच सांगा आता," ती मला म्हणाली. मी म्हटलं, "उद्या सांगतो." वाक्य तुमचंच, पण तुमच्या तोंडी ते जसं यायचं तसं मला जमलं नाही.

आपली शाळा दोन शिक्षकी. दिवसभरात बोलायला मोठं माणूस एकच, तेही तेच ते. नवरा-बायको तरी अधूनमधून माहेरी, गावाला जातात. आपल्याला ती सोय नव्हती. पहिली-दुसरी तुमच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि मध्ये एक पत्र्याचं पार्टिशन. तुम्ही पलीकडून पाढे घ्यायला लागलात की माझी पोरं इतिहास सोडून पाढे म्हणायला लागायची. मी पार्टिशनवर थाप मारायचो, तुम्ही उलटी थाप मारायचात. त्या थापांवरून मला कळायचं, आज बाईंचा मूड कसा आहे.

आणि आदेश. जो आदेश यायचा तो तुम्ही आधी उभ्यानं वाचायचात, मग बसून वाचायचात, मग माझ्याकडे द्यायचात. मी न वाचताच म्हणायचो, "आता काय नवीन?" तुम्हाला त्याचा राग यायचा. बाई, मी थकून म्हणायचो ते, उर्मटपणानं नाही. आदेश चांगलेच असतात. वाईट आदेश मी माझ्या नोकरीत पाहिलाच नाही. पण तो काढणाऱ्याच्या डोळ्यापुढं एक मूल असतं. ते बारा महिने एकाच घरात झोपतं, एकाच वाटेनं शाळेत येतं आणि भूक त्या एकट्यालाच लागते. असं मूल आपल्या शाळेत एकही नव्हतं.

ज्याची हजेरी चांगली त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ, हा आदेश तुम्हाला सगळ्यात आवडला होता. बाजरी खाणारी आपली वस्ती, भात सणाला. पोतं आलं की पोरं त्याच्याभोवती अशी बसायची की जणू आत गूळ आहे. आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर तुम्ही मंजुळेच्या घरासमोर जाऊन उभ्या राहिलात. मीही होतो. घोडीवर सामान चढत होतं. ठकी दुसरीत होती. चुणचुणीत पोर, पाढे म्हणताना श्वास न घेणारी.

"मंजुळे, ठेव पोरीला," तुम्ही म्हणालात. "आबा आहेत घरी. तांदूळ मिळेल, दोघांचं भागेल."

"लई ल्हान हाय वो बाई."

"लहान आहे तेव्हाच ठेवायची. मोठी झाली की मेंढरांच्या मागून परत यायची नाही."

आबा म्हणजे ठकीचा आजा. गुडघे गेल्यामुळे त्याला वाड्याबरोबर चालणं होत नव्हतं. तो बाजेवरून म्हणाला, "ऱ्हाऊ दे पोरगी. मलाबी सोबत व्हईल."

मंजुळेनं तुमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ठिवू म्हंता?" तुम्ही म्हणालात, "ठेव." एवढंच.

मागं ठेवायच्या पोराला अशा वेळी शेजारी खेळायला धाडतात आणि वाडा गुपचूप निघतो. ती त्यांची रीतच आहे. तुम्ही ती मोडलीत. "खोटं सांगून जायचं नाही, तिच्यादेखत जायचं," असं सांगून तुम्ही ठकीचा हात धरलात आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलात. मेंढरं गेली, कुत्री गेली. कोंबड्या बांधलेली घोडी जवळ आली तसा ठकीनं मोकळा हात वर केला. दर वर्षी तिला सगळ्यात शेवटी घोडीवर उचलून ठेवायचे, तेवढं तिला माहीत होतं. घोडी पुढं गेली. भीमेचा पूल ओलांडून वाडा शिरूरच्या बाजूला लागला आणि दिसेनासा झाला, तरी तिचा एक हात वरच होता, कारण दुसरा तुम्ही धरला होतात.

शाळेत परत आल्यावर मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. तांदळासाठी आईपासून पोर तोडलीत, असंही बोललो. तुम्ही म्हणालात, "तांदळासाठी नाही. तांदूळ आला म्हणून जमलं. नाहीतर ठेवायला कुणाच्या जिवावर सांगितलं असतं?" आणि मग, "पट टिकला तर शाळा टिकेल, सर. शाळा गेली तर या वस्तीवर ठेवायलाही कुणी उरणार नाही आणि न्यायलाही." तुम्ही पटाचं उघड बोललात, याचं मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या कुणी ते सेवाभावाच्या चार वाक्यांत गुंडाळलं असतं.

त्या थंडीत वस्तीवर गोवर आला. तुम्ही सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की एक दिवस चुकवायचा नाही, नाहीतर तांदूळ जाईल. आजारपण त्यातून वगळलेलं आहे, हे सांगायचं तुम्ही मुद्दाम टाळलं होतंत. "सांगितलं तर सगळी वस्ती आजारी पडेल," असं तुमचं म्हणणं. एका सकाळी तुम्ही हजेरी घेत होतात. ठकीचं नाव आलं आणि दारातून आबाचा आवाज आला, "हजर बाई!" तो काठी टेकत, पाठीवर घोंगडीत गुंडाळलेली ठकी घेऊन आला होता. अंगावर पुरळ, डोळे मिटलेले. गुडघे गेलेल्या माणसानं एवढी वाट तिला पाठीवर आणलं, ते तीन किलो तांदळासाठी. तिला व्हरांड्यात निजवून तो म्हणाला, "हाय बगा. मोजून घ्या."

तुम्ही त्याला किती रागावलात! तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता. त्याला कळतच नव्हतं की आपलं चुकलं काय. मी पार्टिशनच्या अलीकडून ऐकत होतो आणि मला ठाऊक होतं की तुम्ही त्याला नाही, स्वतःला बोलताय. आठवड्यात अर्धी शाळा गोवरानं झोपली. तुम्ही घरोघर फिरलात, उपकेंद्रातल्या नर्सबाईंना हाताला धरून घेऊन आलात. आणि त्यानंतर "आजारी पोरगं घरी ठेवायचं" म्हणून जाहीर केलंत. मग तुमचं भाकीत खरं झालं. दुसऱ्याच आठवड्यात निम्मी वस्ती पोटात दुखतंय म्हणून घरी राहिली. त्यावर आपण किती हसलो होतो. त्या वर्षातलं हसणं मला तेवढंच आठवतंय.

पावसाआधी वाडा परत आला. मंजुळा पायातली चप्पल न काढता धावत शाळेत आली, आणि ठकी तुमच्या मागं लपली. तुमच्या साडीचा घोळ तिनं दोन्ही मुठींत धरला होता. मंजुळा "ये की गं, ये की गं" म्हणत होती आणि हसत होती. तिला वाटलं, पोर लाजतेय. मग तिचं हसू हळूहळू गेलं. तुम्ही ठकीची बोटं एकेक करून सोडवलीत, तिला पुढं ढकललंत, आणि आत जाऊन कोरा फळा पुसत बसलात. त्या दिवशी मी भांडलो नाही.

पुढच्या दिवाळीला मंजुळेनं परत विचारलं, तुम्ही परत "ठेव" म्हणालात. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही.

मग आदेश बदलला. तांदूळ घरी द्यायचा नाही, शाळेतच शिजवून वाढायचा. तुम्ही हरखून गेलात. बरोबर होतं तुमचं. कितीतरी घरांत तो तांदूळ दुकानात जायचा आणि त्याच्या बदल्यात चहापत्ती आणि विड्या यायच्या, हे आपण डोळ्यांनी बघत होतो. आता जे काही येईल ते पोरांच्या पोटात जाणार होतं. पण ठकीच्या घरी तो तांदूळ दोघं खायची, हे आदेशात कुठं लिहिणार?

तुम्हाला ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. पोरं ओळीनं जेवायला बसली होती आणि ठकीची ताटली भराभर रिकामी होत होती. तुम्ही तिची पाटी उचललीत, तर खाली डब्याच्या झाकणात खिचडी.

"हे काय?"

"मला न्हाई भूक."

"खोटं बोलू नकोस. कुणासाठी नेतेस?"

तिनं झाकणावर हात ठेवला. मग म्हणाली, "आबा सकाळपास्नं चुलीम्होरं बसल्यात. चूल न्हाई पेटवली."

तुम्ही तिच्याशेजारी मांडी घालून बसलात आणि तिला ती खिचडी खायला लावलीत. सगळी. ती घास गिळत होती आणि रडत होती, आणि तुम्ही "चाव, नीट चाव" म्हणत होतात. मला बघवेना. मी हापशावर जाऊन नुसताच हापसत बसलो. पोरं पांगल्यावर मी तुम्हाला म्हटलं, "एक पळी खिचडी घरी गेली तर सरकार बुडतं का?" तुम्ही म्हणालात, "आज ठकीची जाईल, उद्या सगळ्यांची. मग बाप्ये जेवून गार आणि पोरं पुन्हा काटकी." मी म्हटलं, "मग आबानं काय करायचं?" तुम्ही पर्स उचललीत आणि वडाप गाठायला निघालात. मी त्या दिवशी तुम्हाला दगड म्हणालो. मनात म्हणालो, पण म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत आलो तर आबा स्वच्छ धोतर नेसून व्हरांड्यात बसलेला. खिचडी शिजली, स्वयंपाकाच्या मावशींनी पातेलं उतरवलं, आणि तुम्ही सगळ्यात आधी एक भरगच्च ताटली आबापुढं ठेवलीत. मी बघतच राहिलो. "पोरांना वाढण्याआधी मोठ्या माणसानं चव बघायची, असा नियम आहे," तुम्ही मला ऐकवलंत. "पालक चालतो. आबा पालक आहेत."

"चव बघायला एवढी खिचडी?"

"म्हातारं माणूस आहे. एका घासात कळत नाही त्यांना."

बाई, त्या एका वाक्यासाठी मी तुमची सगळी भांडणं माफ केली असती.

आबानं तर ते काम असं अंगावर घेतलं, जणू सरकारनं त्याची नेमणूकच केली आहे. आधी वास घ्यायचा, मग डोळे मिटून चावायचा. "डाळ अजून कच्ची हाय, पोरांच्या पोटात दुखंल," म्हणून एकदा त्यानं अख्खं पातेलं परत चुलीवर चढवायला लावलं. मावशी चिडून म्हणाल्या, "फुकट खाऊन वर मिजास!" त्यावर आबा म्हणाला, "फुकट न्हाई, बाई. जोखमीचं काम हाय. काय झालं तर आदी म्या मरनार." तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं की हे कोण, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "चव बघतात." साहेबांनी आबाच्या ताटलीकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, आणि ते पुढच्या वर्गात गेले.

असं सगळं तुम्ही जमवत राहिलात. एका आदेशानं भोक पडलं की दुसऱ्याचं ठिगळ. मी मात्र दमलो होतो. भांडगावच्या हायवेवरच्या शाळेत बदली मिळत होती. पक्की इमारत, दारात एसटी, वाडे नाहीत, दिवाळीनंतर पोरं मोजायची नाहीत. मी अर्ज लिहून आणला तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत. "जा," म्हणालात, "फक्त पोरांना तुम्ही सांगा, मी नाही सांगणार." मी वर्गात गेलो, उभा राहिलो, आणि भूगोल शिकवून परत आलो. अर्ज कुठं गेला ते आपण दोघांनीही नंतर विचारलं नाही. तुमच्यामुळं मी इथं राहिलो, बाई. त्याबद्दल आभार मानायचे का तक्रार करायची, हे आजही कळत नाही. बहुतेक आभारच.

ठकी चौथी झाली. त्याच वर्षी आबा गेला. तुम्ही स्वतः तिला एसटीनं शिरूरला नेऊन मुलींच्या वसतिगृहात ठेवलंत. ती यंदा दहावीत आहे. तुमच्या दहाव्याला ती आली होती. दोन वेण्या, गुडघ्याखाली स्कर्ट. आल्या-गेल्याला पाणी देत फिरत होती. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "ठके, बाई नेहमी म्हणायच्या, तू नर्स होणार."

"होणार, सर," ती म्हणाली. आता ती गुर्जी म्हणत नाही, सर म्हणते.

आणि मग मी तिला ते विचारलं, जे मला विचारायला नको होतं. तुला बाईंचा राग येतो का? आईचा?

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. "राग नाही येत कुणाचा. त्यांनी माझं चांगलंच केलं. पण मला कुणी कुठं बोलावलं ना, की मी आधी विचारते, किती दिवस राहायचंय."

तुमच्या फोटोला हार घालायचं चाललं होतं. मी तिथून उठलो आणि नदीकडं चालत गेलो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तुमच्यापासून लपवली. जूनमध्ये वाडा परतला तेव्हा ठकी सुट्टीत आईकडं चार दिवस राहायला गेली होती. मंजुळा मला म्हणाली, "गुर्जी, माज्या घरात पोर पावन्यावानी ऱ्हाती. सकाळी उठून अंथरून घडी घालून कडंला ठिवती. तान लागली तर मला इचारती, पानी घिऊ का म्हनून. आपल्या आयेला कुनी इचारतं व्हय?" हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही तेव्हा अंथरुणाला खिळला होतात.

आणि पुण्याच्या दवाखान्यात मी शेवटचा भेटायला आलो, तेव्हा तुम्ही माझ्या मनगटाला धरून विचारलंत, "सर, ठकीचं बरोबर झालं ना?" तुम्ही कधी असं काही विचाराल, असं मला वाटलंच नव्हतं. मला मंजुळेचं ते पाणी आठवलं. मी म्हणालो, "तुम्ही आराम करा." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. एवढ्या वर्षांच्या भांडणात तुम्ही पहिल्यांदा माझं मत मागितलंत, आणि मी तुमच्याशी पाहुण्यासारखा वागलो.

इथवर काल लिहिलं. आज सकाळी प्रार्थना संपायच्या आतच मंजुळा आली. सोनीला नवा फ्रॉक घातला होता. "ठिवू का?" तिनं विचारलं.

मी तिला सगळं नीट समजावलं. यंदा हंगामी वसतिगृहाचा आदेश आलाय. बाहेर जाणाऱ्यांची पोरं गावातच ठेवायची, दोन्ही वेळचं जेवण शाळेत, रात्री सोबतीला एक बाई. वाड्यात आता एखाद्याकडं मोबाइल असतो, आवाज तरी ऐकू येईल. पण पोर लहान आहे, पहिले काही दिवस रडणार. अभ्यास मात्र चुकणार नाही. तरी आई ती आई. पण एकदा शाळा सुटली की सुटलीच. दोन्ही बाजू मांडल्या मी, चांगल्या मास्तरासारख्या. आणि शेवटी म्हणालो, "मला वाटतं, ठेवावं."

मंजुळा ऐकत होती. "बाईंनी येवढं न्हवतं सांगितलं," ती म्हणाली. "ठेव म्हनल्या, बास."

"त्यांनाही खात्री नव्हती, मंजुळाबाई. दवाखान्यात मला विचारत होत्या, बरोबर झालं ना म्हणून."

मला वाटलं, तिला धक्का बसेल. ती म्हणाली, "ठावं हाय मला. तवा ठकीला धरून उभ्या हुत्या न्हवं रस्त्याला, त्यांचा हात लटलट कापत हुता. म्या घोडीच्या पल्याडनं बगितला. पर तोंडावर काय बी दावलं न्हाई त्यांनी. म्हून माजा पाय निघाला." मग तिनं सोनीच्या केसांतली रिबीन नीट केली. "तुमी दावलंत, गुर्जी. आता न्हाई निघायचा."

ती सोनीला घेऊन गेली. दिवाळीनंतर सोनी वाड्याबरोबर जाणार, हे आता ठरलं. जाताना ती पोर उड्या मारत गेली, घोडीवर बसायचं म्हणून. तिला वाचता येईल का नाही, मला माहीत नाही. आईजवळ पाणी मागताना ती परवानगी घेणार नाही, एवढं माहीत आहे.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून आलेलं नाही. ठकीचं बरोबरही झालं आणि नाहीही, आणि यापुढं मला विचार करवत नाही, मी फार दमलोय. पण इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडलो ते एकाच कारणानं, की या बाईला शंका म्हणून कधी येतच नाही. आणि तुमचा हात तर पहिल्याच दिवशी कापत होता. मी तुमच्या पलीकडच्या बाजूला, हातभर अंतरावर उभा होतो. मंजुळेला घोडीआडून दिसला, मला नाही.